पितांबर आप्पांची खिडकी

मिरच्यांच्या हंगामात नंदुरबारच्या स्टेशनवर उतरलेला पाहुणा आधी शिंकायचा आणि मग पत्ता विचारायचा. पत्ता दवाखान्याचा असेल, तर टांगेवाला डॉक्टर करणसिंग राऊळांचं नाव कधी घेत नसे. तो म्हणे, "पितांबर आप्पाकडे ना? बसा."

पितांबर आप्पा डॉक्टर नव्हते. ते त्या दवाखान्याचे कंपाउंडर. डॉक्टर आतल्या खोलीत नाडी बघत, जीभ बघत, चिठ्ठी लिहीत. आणि आप्पा ओट्यावर उघडणाऱ्या खिडकीत उभे राहून ती चिठ्ठी औषधात उतरवत. त्या काळी औषध म्हणजे बाटलीतलं पाणी. लाल, पिवळं, दुधाळ. रोग्यानं बाटली घरून आणायची आणि आप्पांनी ती भरायची. पण नुसती भरायची म्हटलं तर तो आप्पांचा अपमान होईल. बाटली आधी उन्हात धरायची, एक डोळा मिटून तळ न्याहाळायचा. मग मापाच्या पेल्यातून औषधाची धार हातभर उंचीवरून अशी सोडायची, की थेंब बाहेर जाणार नाही. बूच लावून तीनदा हलवायची. शेवटी कात्री काढून कागदाची लांब पट्टी दुमडायची आणि दोन्ही कडांना अशा खाचा कापायच्या, की उलगडल्यावर सहा डोसांची सहा घरं दिसावीत. ती पट्टी डिंकानं बाटलीवर उभी चिकटली, की ओट्यावरची माणसं सुस्कारा सोडत. अर्धा ताप तिथंच उतरत असे.

"आप्पाना हातले यश शे," बायका म्हणत. आप्पा ते ऐकून न ऐकल्यासारखं करत, आणि दुसऱ्या बाटलीची धार आणखी चार बोटं वर नेत.

ते मूळचे प्रकाशा गावचे. तापीकाठच्या शेतात मन रमलं नाही म्हणून विसाव्या वर्षी नंदुरबारला आले, करणसिंग डॉक्टरांच्या दवाखान्यात बाटल्या धुवायला लागले, आणि बघून बघून औषधं बनवायला शिकले. परीक्षा नाही, दाखला नाही. एव्हाना बावीस वर्षं झाली होती, आणि त्या खिडकीत उभं राहून खालच्या फळीवर त्यांच्या कोपरांचे दोन खळगे पडले होते. हळूहळू असं झालं, की निम्मी माणसं डॉक्टरांपर्यंत जातच नसत. सरळ खिडकीशी येत. "आप्पा, पोट दुखी ऱ्हायनं." आप्पा विचारत, "रातले काय खादं?" आणि बाटली भरून देत. डॉक्टर आतून हाक मारून विचारत, "कोण होतं रे?" आप्पा सांगत, "कोनी नही साहेब, वळखनं मानूस." डॉक्टर भले गृहस्थ, हसून सोडून देत.

सत्तेचाळीस सालच्या उन्हाळ्यात सरकारचे औषधांचे नवे नियम लागू झाले.

डॉक्टरांनी एका दुपारी दार लोटून आप्पांना समोर बसवलं आणि छापील कागद वाचून दाखवला. डॉक्टरला आपल्या दवाखान्यातून औषध देता येईल, पण फक्त आपण तपासलेल्या रोग्याला. येईल त्याला दुकानासारखं औषध विकायचं नाही. कंपाउंडरनं द्यायचं ते डॉक्टरच्या देखरेखीखाली. बाटलीवर डॉक्टरचं नाव आणि पत्ता असलेलं लेबल हवं, डोस किती ते हवं. लावायच्या औषधावर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. विषारी औषधं कुलपात. आणि कोणाला काय दिलं, त्याची वहीत नोंद.

आप्पांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "मन्हं नाव कोठे शे त्यामा?"

"तुमचं नाव कशाला असेल, आप्पा? सरकार तुम्हाला ओळखत नाही."

"साहेब, बावीस वरीस मी काय पानी वाटं का?"

"पाणी नाही वाटलंत, म्हणून तर भीती. तुळशीबाईला न बघता तुम्ही औषध देता आणि उद्या तिला काही झालं, तर जाब मी द्यायचा."

तुळशीबाई दुसऱ्याच दिवशी आली. गुळाच्या व्यापाऱ्याची म्हातारी, वर्षातून चाळीस वेळा पोट धरून येणारी. आप्पांनी नजर खाली घालून आतल्या खोलीकडे बोट दाखवत सांगितलं, "मावशी, पहिलं मझार जाय. डाक्टरनी चिठ्ठी लय."

"मी काय मझार जावाव नही," म्हातारी ओट्यावरच ठाण मांडून बसली. "मन्हं पोट तू वळखस. त्याले काय माहीत?"

शेवटी डॉक्टरच बाहेर आले, ओट्यावरच त्यांनी तिचं पोट दाबून पाहिलं आणि चिठ्ठी लिहिली. औषध तेच निघालं, जे आप्पा देणार होते. पण बाटलीवर लेबल लागलं: डॉ. करणसिंग राऊळ, नंदुरबार. म्हातारीला वाचता येत नव्हतं. आप्पांना येत होतं. ते लेबल त्यांनी अंगठ्यानं जरुरीपेक्षा जास्त जोरात दाबलं.

एवढ्यावर भागतं, तर आप्पा गप्प राहिले असते. कागदावर जळून काय करणार? कागदाला तोंड नसतं. पण डॉक्टरांना वाटलं, नियमांच्या दिवसांत परीक्षा पास झालेलं एक माणूस हाताशी असलेलं बरं. आणि पोळा झाल्यावर फुलवंताबाई आली.

वय असेल तिशीच्या अलीकडे. धडगावच्या डोंगरातली, पावरा आदिवासी घरातली. नवरा जंगलात लाकूडतोड करताना झाड अंगावर पडून गेला. मग एका मिशनच्या दवाखान्यात झाडू मारायला लागली, तिथंच लिहा-वाचायला शिकली, सुया द्यायला शिकली आणि कंपाउंडरची परीक्षा पास झाली. दाखला एका डब्यात गुंडाळून आणला होता. डॉक्टरांनी तो उलगडून वाचला, आणि वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर जे कौतुक उमटलं, ते आप्पांनी बावीस वर्षांत आपल्यासाठी कधी पाहिलं नव्हतं. निदान त्यांना त्या घडीला तसं वाटलं.

कामाला ती आप्पांइतकी देखणी नव्हती. औषध ओतताना पेला बाटलीच्या तोंडाला टेकवायची. पट्टीच्या खाचा जाड कापायची. आप्पा मनात म्हणाले, चला, ही चार दिवसांची पाहुणी.

मग मिरचीचा हंगाम सुरू झाला. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडली, आणि ती पसरायला, उलटायला, देठं खुडायला डोंगरातली कुटुंबंच्या कुटुंबं खाली उतरली. त्यांच्याबरोबर हिवतापही उतरला. दरवर्षी उतरायचा. दरवर्षी ही माणसं खिडकीशी यायची, क्विनाइनची कडू बाटली न्यायची, आणि दोन दिवसांची बाटली दीड दिवसात संपवून परत यायची. अंगात ताप तसाच. आप्पा त्यांना फैलावर घेत. "सहा डोस मी मोजीसन दिधात. एक कोन पीसन गयं? तुन्ही बायको? का तुन्हा पाव्हना?" माणूस मान खाली घालून उभा राही. दुसऱ्यांदा असं झालं, की तो दवाखान्यात येणं सोडून भगताकडे जाई. आप्पा म्हणत, डोंगरातल्या लोकांना औषधाची कदर नाही.

त्या वर्षी ती माणसं परत आली नाहीत. म्हणजे बरी होऊन आली, दुसऱ्या कोणाला घेऊन. आणि आली ती थेट खिडकीच्या उजव्या बाजूला, जिथं फुलवंताबाई उभी असे. पावरीतून तिच्याशी बोलत, हसत, डोंगराकडच्या बातम्या देत. बाजारच्या दिवशी उजवीकडे पंचवीस माणसं आणि डावीकडे, आप्पांसमोर, तुळशीबाई.

एके दिवशी आप्पांनी मुद्दाम हातभर उंचीवरून धार सोडली. उजवीकडच्या रांगेतल्या एकानंही मान वळवली नाही. नाटकातल्या राजानं सिंहासनावरून तलवार उपसावी आणि प्रेक्षकांनी पानाचा डबा उघडावा, तसं झालं.

घरी जेवताना दगूबाईंनी, त्यांच्या बायकोनं, भाकरी वाढली ती ताटात तशीच राहिली.

"आज तिन्हाकडे एकोनतीस," आप्पा म्हणाले.

"काय एकोनतीस?"

"मानसं. मन्हाकडे आठ."

"तुम्हीन दवा वाटतस का मानसं मोजतस?" दगूबाई म्हणाल्या. "आधी जेवा. का ताटमा बी तीच बाई दिखी ऱ्हायनी?"

"तिन्हा हातमा काय शे, तेच समजत नही."

"तिन्हा हातमा काय चार बोटं जास्ती शेतस का? ती त्यासनी बोली बोलस. तुम्हीन बोला ना."

आप्पांनी तेही करून पाहिलं. पथारीवरच्या एका म्हाताऱ्याकडून चार पावरी वाक्यं पाठ केली आणि एका तापानं फणफणलेल्या माणसाला ऐकवली. माणसानं नम्रपणे ऐकून घेतलं, आणि मग फुलवंताबाईच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी दोघांना एकत्र बोलावलं. "धुळ्याहून औषध खात्याचे अधिकारी येणार आहेत, वही बघायला. मला खिडकीवर एकच माणूस ठेवायचं आहे. औषध देणारा कोण, ते नाव वहीच्या पहिल्या पानावर मी त्यांच्यासमोर लिहीन. चूक झाली तर एकाची झाली पाहिजे, दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचं नाही. दुसऱ्यानं मागच्या खोलीत खल, बाटल्या आणि कुलपाचं कपाट सांभाळायचं. पगार दोघांचा तोच."

पगाराचं आप्पांच्या कानात शिरलंच नाही. मागची खोली, एवढंच शिरलं. त्या खोलीला खिडकी नव्हती. तिथं कोणी 'आप्पा' म्हणून हाक मारणार नव्हतं. बाटल्या धुवायला आलेला पोऱ्या बावीस वर्षांनी पुन्हा बाटल्या धुवायला जाणार!

त्या दिवसापासून आप्पांचे डोळे फुलवंताबाईच्या हातावरून हलले नाहीत. ती बूच कसं लावते, लेबल तिरकं लागतं का, कुलपाची किल्ली कुठं ठेवते. चूक सापडेना. मत्सर माणसाला आंधळा करतो म्हणतात. आप्पांना त्यानं भिंगच दिलं होतं, पण भिंगाखाली काही येत नव्हतं.

आणि एका सकाळी आलं.

पथारीवर काम करणारा खात्या नावाचा पावरा औषध घेऊन निघाला होता. पागोटं सुटलं म्हणून त्यानं बाटली क्षणभर आप्पांच्या बाजूच्या फळीवर ठेवली. आप्पांची नजर सवयीनं पट्टीवर गेली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सात.

त्यांनी पुन्हा मोजलं. सात खाचा. औषधही सहा डोसांच्या वर भरलेलं. खात्या पागोटं बांधून निघून गेला. आप्पांनी वही उघडली. फुलवंताबाईच्या जाड अक्षरात लिहिलं होतं: खात्या, हिवताप, क्विनाइन मिक्श्चर, डोस सहा. चिठ्ठीतही सहाच. लेबलवरही सहाच असणार.

त्यांनी आठ दिवस पाळत ठेवली. गावातल्या माणसाला सहा. डोंगरातल्याला सात. वहीत सगळ्यांना सहा.

आता उलगडा झाला! आपल्या माणसांना एक डोस जादा. म्हणून ती रांग! सरकारी नियम गुंडाळून, वहीत खोटं लिहून ही बाई माणसं जोडते आहे. आप्पांच्या छातीवरची शिळा उतरली. तिच्या हातात यश नव्हतं, लबाडी होती. त्या रात्री ते दोन भाकरी जास्त जेवले, आणि दगूबाईंना काही सांगितलं नाही. डॉक्टरांनाही नाही. डॉक्टर भले गृहस्थ. हसून सोडून दिलं असतं. हा प्रवेश भरल्या सभेत व्हायला हवा होता. खल घोटता घोटता आप्पा आपलं वाक्य घोटत राहिले. "साहेब, वही एक सांगते आणि बाटली दुसरं सांगते." हे वाक्य त्यांनी शाळेतल्या मराठीत बसवलं होतं. अधिकाऱ्यापुढे अहिराणी बरी दिसली नसती.

अधिकारी आले ते बाजारच्या दिवशी. बारीक अंगाचे, चष्मा लावलेले, कमी बोलणारे. त्यांनी कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं, लेबलं पाहिली, वही चाळली. "ठीक आहे," एवढंच म्हणाले. डॉक्टरांनी दौत उघडली, वहीचं पहिलं पान समोर घेतलं. ओट्यावर माणसं दाटली होती. खात्या नवी बाटली हातात घेऊन खिडकीशीच उभा होता. या वेळी बायकोसाठी. ती भिंतीला टेकून, घोंगडी पांघरून बसली होती.

आप्पा दोन पावलं पुढं आले. खाकरले.

"साहेब, वही एक सांगते आणि बाटली दुसरं सांगते."

आप्पांनी खात्याच्या हातून बाटली घेतली, उंच धरली आणि बोट ठेवून एकेक खाच मोजली, शेवटच्या बाकावर ऐकू जाईल अशा आवाजात. सात म्हणताना ते थोडे थांबले. मग वही उघडून दाखवली. सहा.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. अधिकाऱ्यांनी चष्मा कपाळावर नेऊन स्वतः खाचा मोजल्या. "बाई, हे काय आहे?"

फुलवंताबाईनं काही लपवलं नाही. "सहा पिण्याचे आहेत, साहेब. एक वर आहे."

"वर म्हणजे?"

ती खात्याकडे वळून पावरीत काहीतरी म्हणाली. खात्यानं मान डोलावली. आप्पांच्या हातून त्यानं आपली बाटली परत घेतली, ओट्यावरून खाली उतरला, भिंतीशी बसलेल्या बायकोजवळ उकिडवा बसला आणि बूच काढलं. ओठ हलवत त्यानं कोणाकोणाची नावं घेतली, देवाची, मेलेल्या बापाची. आणि बाटली तिरकी करून पहिल्या खाचेपर्यंतचं औषध जमिनीवर ओतलं. मग उरलेल्यातला एक डोस बायकोच्या तोंडात घातला.

"अरे, अरे!" डॉक्टर उठून उभे राहिले. "सांडलंस कशाला?"

खात्याला तो प्रश्नच कळला नाही. सांडलं नव्हतं, दिलं होतं. "पयली धरतीनी," त्यानं मोडक्या अहिराणीत सांगितलं. "मंग आपली. दारू ऱ्हाय, दवा ऱ्हाय, पयलं तिले."

फुलवंताबाई म्हणाली, "आमच्याकडे प्यायचं काहीही असलं तरी आधी धरतीला धार देतात, साहेब. सहातला एक डोस मातीत जातो, पोटात पाचच जातात. दुसऱ्या दिवशीचा शेवटचा डोस चुकतो आणि ताप उलटतो. मिशनमध्ये आम्ही आधी सांगून पाहिलं, दवा ओतू नका. तर लोकांनी दवाच घेणं सोडलं. म्हणून मी धरतीचा वेगळा घालते."

"आणि एखादा धार न देता सातही प्याला तर?"

"विचारूनच देते. जो धार देत नाही त्याला सहा."

अधिकारी आप्पांकडे वळले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, नुसती चौकशी होती, आणि तीच जास्त लागली. "तुम्ही इथं किती वर्षं आहात?"

"बावीस."

"तुमच्या लक्षात नाही आलं?"

आप्पांची पाठ केलेली सगळी वाक्यं संपली होती. एक कोन पीसन गयं? तुन्ही बायको? मान खाली घालून उभे राहिलेले ते चेहरे एकामागून एक त्यांच्यासमोर आले. आप्पांना बावीस वर्षांत एक प्रश्न विचारावासा वाटला नव्हता: बाटली घरी नेल्यावर तू काय करतोस? त्यांनी फक्त रागावून पाहिलं होतं. आणि हिला विचारावंही लागलं नाही, ही त्यातलीच. त्या घडीला आप्पांना तिची चीड आली ती या गोष्टीची, की ती जिथं जन्मली, तिथं आपण जन्मलो नाही.

"कारण काहीही असो," अधिकारी म्हणाले, "बाटली, लेबल आणि वही जुळली पाहिजे. हे जुळत नाही. मला शेरा लिहावा लागेल. आणि हा प्रकार बंद करावा लागेल, डॉक्टर."

फुलवंताबाईचा चेहरा पडला. बंद म्हणजे पुन्हा सहा, पुन्हा पाच पोटात, पुन्हा ताप. खात्याला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. तो बाटली छातीशी धरून उभा राहिला.

आणि तेवढ्यात आप्पा बोलले. त्यांना तिची कणव आली, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण खरं तसं नव्हतं. बावीस वर्षांच्या कंपाउंडरला ओट्यावरच्या गर्दीसमोर मूर्ख ठरून मागच्या खोलीत जायचं नव्हतं, एवढंच. तिनं हिकमत काढली असेल, पण तिला ती लिहिता आली नाही. आपण लिहून दाखवू.

"जुळत नही तं जुळाडा ना, साहेब!" गडबडीत त्यांची अहिराणी सुटली. "वहीमा सात लिखा, लेबलवर बी सात. आनि पुढे लिखा: पिवाना सहा, धरतीना एक. चिठ्ठी डाक्टरसाहेब तशीच देतीन. मंग खोटं काय ऱ्हायनं त्यामा?"

अधिकाऱ्यांनी चष्मा खाली घेतला. बराच वेळ ते छापील कागद चाळत होते. मग त्यांच्या ओठाच्या एका कोपऱ्यात काहीतरी हललं. "डॉक्टर चिठ्ठीतच सात लिहिणार असतील आणि घेण्याचे सहा असं लेबलवर स्पष्ट असेल, तर माझ्या नियमाला हरकत नाही. उरलेल्या एकाचं रोग्यानं काय करावं, ते नियमात नाही."

ओट्यावर कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. "वा रे आप्पा!" मागून आवाज आला. डॉक्टरांनी आप्पांच्या पाठीवर थाप मारली. "मला हे सुचलं नसतं. तिलाही सुचलं नाही." ते खाली बसले, टाक दौतीत बुडवला. "बावीस वर्षं, आप्पा. खिडकीवर तुमचंच नाव लिहितो. बाई मागं बसेल, तुम्हाला धरतीचे डोस किती ते सांगेल. जा, खात्याची बाटली नव्यानं लेबल लावून द्या, साहेब जाण्याआधी."

फुलवंताबाईनं मान डोलावली आणि मागच्या खोलीकडे सरकली.

जिंकले! आप्पा खिडकीशी गेले. दोन्ही कोपरं फळीवर टेकली. समोर अख्खा ओटा. त्यांनी नवं लेबल लिहिलं, आपल्या वळणदार अक्षरात: एकूण सात, घेण्याचे सहा. खात्याच्या बाटलीवर ते लावलं, बाटली उन्हात धरली, आणि दोन्ही हातांनी पुढं केली.

खात्यानं ती घेतली. पण घेताना तो आप्पांकडे पाहत नव्हता. त्याची नजर आप्पांच्या खांद्यावरून आत गेली होती. तिला शोधत होती.

आप्पांनी पुढच्याला बोलावलं. पाठीवर मूल बांधलेली एक बाई होती. तिनंही चिठ्ठी दिली आणि मान उंच करून आत पाहिलं. तिच्यामागचा म्हातारा तर बाजूला झाला, फळीच्या कडेनं डोकावला आणि आप्पांना हातानंच विचारलं: बाई कुठं आहे?

रंगमंचावर उभं राहून टाळी न मिळणं माणूस सोसतो. पण आपण मधोमध उभे आणि सगळ्या डोळ्यांचा मोहरा पडद्याआडच्या दुसऱ्याकडे, हे ज्यानं सोसलं त्यालाच कळतं. आप्पांनी कल्पना केली: असे किती दिवस? रोज पंचवीस, तीस माणसं. प्रत्येक जण माझ्या खांद्यावरून तिच्याकडे बघणार. मला ते रोज बघावं लागणार. ती मागं बसून मला दिसणारही नाही, आणि प्रत्येक डोळ्यात मात्र तीच दिसणार.

मागची खोली यापेक्षा बरी होती. तिथं निदान कोणाचे डोळे नव्हते.

ते वळले. डॉक्टरांचा टाक कागदावर टेकला होता. 'पि' उमटला होता.

"साहेब, ते खोडा. तिन्हं नाव लिखा."

"आप्पा? काय झालं?"

"काय नही. मन्हा पाय दुखतस," आप्पा म्हणाले. "उभं ऱ्हावानं काम शे ते. तिले करू द्या."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं, आणि 'पि' खोडून 'फुलवंताबाई' लिहिलं. अधिकाऱ्यांनी खाली सही केली. खिडकीत ती येऊन उभी राहिली तेव्हा ओट्यावर जी कुजबुज झाली, ती आप्पांनी पाठमोऱ्यानंच ऐकली.

ते मागच्या खोलीत गेले आणि दार धाडकन लावून घेतलं. खल पुढं ओढला, दोन वेढे घोटले, आणि थांबले. दारातून नुसताच गलका येत होता. ती म्हाताऱ्याला काय सांगते आहे, सहा म्हणते की सात, ते काही केल्या कळेना. आप्पा चरफडत उठले आणि दार हळूच बोटभर उघडून ठेवलं.